मोजणी

पहाटे साडेपाचला अंबाजोगाईत, स्टँडच्या मागं,
हेल्मेटं मोजली. एकोणीस.
हे काम माझ्याकडं.
तीस वर्षं शाळेच्या सहलींत पोरं मोजलीत मी
बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीनं.
शिट्टी गळ्यात, जागा सगळ्यांच्या मागं,
कुणी सुटलं तर थांबायचं,
आणि शेवटचं चाक टेकेपर्यंत
पोचलो म्हणायचं नाही.

बर्दापूरच्या अलीकडं उजाडलं.
करडई फुललेली, काट्यांसकट.
उसाच्या ट्रॉल्या, एकीला एक जोडून, रस्ताभर कांडं सांडत.
तौफीकनं धावत्या सायकलवरून एक उचलू पाहिलं
आणि रेणापूरपर्यंत
सगळ्यांना कोपर दाखवत आला.

रेणापूरला सुशीला, वर शेव, वर लिंबू.
टपरीवाला टायरला चिमटा काढून म्हणाला,
एवढंसं बारीक? मुरमाड रस्त्याला काय करता?
रेवणसिद्ध म्हणाला, पंक्चर.
आणि पुढच्या तासात दोनदा काढलं,
दोन्ही वेळा बाभूळ, दोन्ही वेळा मागचं चाक.

लातूरला इनामदारांचा गुडघा बोलायला लागला.
ही फेरी त्यांनीच सुरू केलेली, नऊ वर्षांपूर्वी,
आम्हाला चढावर श्वास कसा घ्यायचा ते त्यांनी शिकवलेलं.
एसटीच्या टपावर सायकल चढवताना
दोरीची गाठ तीनदा सोडली, तीनदा बांधली.
खिडकीतून म्हणाले, बाई, मला वजा करा.
केलं.
अठरा.

आष्टामोडला पूर्वेकडं वळलो
आणि वारं आलं. समोरून, सपाट,
मध्ये झाड नाही की गाव नाही,
तुरीच्या तुटलेल्या काड्या आणि काळी जमीन.
मग रांग धरली.
पुढच्यानं वारा खायचा, मागच्यांनी त्याची पाठ बघायची.
दोन किलोमीटर झाले की बाजूला होऊन
मागं यायचं, धापत, माझ्या पुढ्यात.
मला सतरा पाठींनी गाळलेलं वारं,
तरी डोळ्यांतून पाणी.

नळेगावच्या पुढं सवयीनं हनुवटी फिरवली.
एकोणीस.
पुन्हा फिरवली. एकोणीस.
सातवा माणूस हेल्मेटाविना.
पांढरा सदरा, पायजम्याचा एक पाय सुतळीनं बांधलेला,
कॅरियरला दोन्हीकडं दुधाचे कॅन, रिकामे,
खड्डा आला की ठण्ण.
मुक्ताच्या चाकामागं बरोबर हातभर अंतर
कुणी न सांगता.

रेवणसिद्धनं मागून विचारलं,
कुठं जायलालाव?
घरी.
आणि तुमी?
उदगीरला.
काय काम?
रेवणसिद्धनं थोडा विचार केला.
काही नाही.
बरंय मग, म्हणाला. हितं मदी वारं कमी लागतंय बगा.

एकेक पुढचा बाजूला होत गेला,
रांग सरकत सरकत
त्याची पाळी आली.
त्याला नियम कुणी सांगितलेला नव्हता.
त्यानं वारा अंगावर घेतला
आणि सोडलाच नाही,
दोन झाले, चार झाले, सहा,
सदरा फुगून पाठीवर तंबू,
मुक्ता ओरडली, काका, मागं या आता!
ठण्ण, एवढंच ऐकू आलं.

मग एका खांबापाशी
डावीकडची पाणंद आली आणि तो वळला.
हात नाही केला, मागं नाही पाहिलं,
जसं रोज वळत असेल तसं.
मुक्ताच्या तोंडावर वारं आपटलं.
एवढं होतं हे? ती म्हणाली,
आणि पुढं कितीतरी वेळ
कुणी काही बोललं नाही.

उदगीरला दिवे लागले होते.
लॉजच्या जिन्याखाली सायकली एकीवर एक.
हनुवटी. अठरा.
इनामदारांचा फोन: किती पोचले?
म्हटलं, अठरा पोचले.
आणि एक घरी.
हो हो, ते म्हणाले, मघाशीच पोचलो,
गुडघा शेकत बसलोय.

मी बरं म्हटलं
आणि शिट्टी गळ्यातून काढली.