मापात पाप

पहिल्या कंपनीच्या माहितीपत्रकावर
आकडा इतका ठळक होता
की अध्यक्षांनी चष्मा न लावता वाचला :
सेकंदाला चाळीस लाख सूचना.

आणि संचालक मंडळाकडे असं पाहिलं
जणू परभणीच्या आमच्या शिक्षक पतसंस्थेत
सेकंदाला चाळीस लाख गुरुजी येतात.

मी खरेदी समितीचा सचिव. साल एक्क्याण्णव,
पगार एकोणीसशे, टिपणी लिहिणं माझ्याकडे.
विचारलं, हे मोजलं कुठं?
पुण्यात, एसी खोलीत.
मशीनवर तेव्हा कोण होतं?
कोणीच नाही, साहेब.

कोणीच नाही.

माळेगावच्या जत्रेत मामा जोडी घ्यायचे
तेव्हा दात बघायचे, खूर बघायचे,
रुमालाखाली बोटं जायच्या आधी म्हणायचे,
जुंपा गाडीला.
रिकाम्या नाही. आणि चढावर.

म्हणून माझं माप मी घरी बसून लिहिलं.
सात तारीख, पगाराचा दिवस, सकाळी साडेअकरा.
बारा टर्मिनल, बारा माणसं,
खरी खाती, खरे जामीनदार,
मागे प्रिंटरवर व्याजाचा तक्ता करकरत चाललेला.

कंपनीचा कारकून कागदावरचा होता :
न चुकणारा, न थांबणारा, चहा न पिणारा.
आमच्या कुसुम जोंधळे दोन बोटांनी टाइप करतात,
खाते क्रमांक आधी ओठांत म्हणतात,
समोरच्या बाईंना विचारतात, सासूचं ऑपरेशन झालं का,
मग एन्टर.
ती विचारपूसही मी मोजून धरली : सतरा सेकंद.
इंजिनिअर हसला.
हसू दे. यंत्राला तेवढाच श्वास मिळतो.

दुसऱ्या कंपनीनं प्रश्न आधीच मागून नेले
आणि गाईड पाठ केलेल्या पोरासारखे
घडाघडा म्हणून दाखवले.
रात्री मी दोन बदलले :
मयत सभासदाचं खातं बंद करा,
एकाच जामीनदाराची सहा कर्जं शोधून काढा.
सकाळी त त प प.

खाजामियाँनी शाळेच्या पीटी सरांचं
स्टॉपवॉच मागून आणलं होतं.
चाळीस लाखवाल्याची सरासरी निघाली दीड सेकंद.
अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.
मी म्हटलं, थांबा,
पंगतीत वरण किती वाटलं ते नका विचारू,
शेवटच्या पानावर गरम गेलं का ते विचारा.

शेवटच्या पानावर रुखसाना पठाण बसल्या होत्या.
अकरा जणांच्या पावत्या निघाल्या
आणि बाराव्या पडद्यावर नुसता ठिपका लुकलुकत राहिला.
"कामून गप बसलंय हे?"
खाजामियाँ घड्याळ बघत होते.
त्रेपन्न सेकंद.
तेवढ्यात खिडकीशी तीन माणसं गोळा होतात,
चौथा चेअरमनचं नाव घेतो.

तिसरं यंत्र कपाटाएवढं, मातकट रंगाचं,
त्याच्या कागदावर ठळक काही नव्हतं.
बाराव्याला चार सेकंद. दोनदा पाहिलं.
मध्ये लाइट गेली, आली,
कुसुमताईंची अर्धी नोंद जिथल्या तिथं.

टिपणीत शिफारस एका ओळीची झाली.
अध्यक्ष म्हणाले, चार? एवढाच आकडा?
मंडळाला काय सांगू मी?

सही मात्र केली.

हे सगळं मार्चमधलं. मशीन आलं, बसलं,
पेढे वाटले, कोपऱ्यात नारळाचं पाणी सांडलं.
आज जिंतूर शाखेचं पत्र आलंय :
तेरावं टर्मिनल हवं.

खाजामियाँना म्हटलं,
पीटी सर अजून त्याच शाळेत आहेत का, बघा.