पाच किलो शिसं

वेग हलकेपणात असतो, असं मी धरून चाललो होतो.
बोर्ड अरुंद करून घेतला,
फिन कापून चार सेंटिमीटरवर आणले,
नऊचा पतंग विकून सातचा घेतला,
आणि रोज दिवाळ्याच्या जेटीवरून
चौतीस नॉटला अडकून परत.

हरेश्वर नाखवा पागाची दोरी उसवत बसलेले असायचे.
एकदा न विचारताच बोलले,
"पतंग मोठा नाय तुजा, तूच हलका हायस.
वारा तुला उचलतंय,
फली पानी धरतच नाय."

आणि जाळ्याच्या काठाचं शिसं
माझ्या पुढ्यात ओतलं,
पाच किलो, काळपट,
किती वर्षं चिखल बघून आलेलं.

सुगंधाकाकींनी जॅकेटच्या अस्तरात खिसे शिवले.
डावं-उजवं सारखं हवं म्हणून
मासळीच्या काट्यावर तोलून.
त्यांची अट एकच: एक नाडी अशी,
की ओढली तर सगळं खाली गळून पडेल.
तीनदा ओढून दाखवायला लावली.

पंचमीची भरती. तिथीची पाऊणपट, म्हणजे पावणेचार.
कांदळवनाच्या आडोशाला
वारा पोचतो, लाट पोचत नाही.
पाणी परातीतल्यासारखं,
आणि त्या पट्ट्याची रुंदी फार तर दोन होड्यांची.

आधी वाऱ्यावर चढायचं, चिवटपणे, हळू.
मग बोर्डाचं नाक उतरतं सोडायचं.
वाऱ्याला तोंड नाही, पाठही नाही,
तिरका खांदा फक्त.
पुढचा पाय ताठ, मागचा गुडघा मोडलेला,
बूड पाण्याला शिवेल इतकं खाली,
पतंग पाण्यावर दोन पुरुष उंचीला, त्याहून वर नाही.
बार ओढावासा वाटतो.
ओढायचा नाही.

शिसं छातीवर बसलं
आणि पहिल्यांदाच कड पाण्यात रुतून राहिली.
दोऱ्यांची शीळ चढत चढत
दातांत शिरली.
जेटी आली, की गेली?
डाव्या डोळ्यातलं पाणी कानापर्यंत पोचलं होतं.

घड्याळात दहा सेकंदांची सरासरी: एकोणचाळीस पूर्णांक सहा.
धावतच दाखवायला गेलो.
"म्हंजे किती?"
"ताशी त्र्याहत्तर किलोमीटर, नाखवा!"
"पाम बीचवर पोरं यापरीस जोरात जातान,"
त्यांनी मान वर केली नाही,
"शिसं काढून दे. शनवारी पाग टाकाचाय."

चाळीसला चार दशांश कमी पडत होते.
मी ओट्यावर बसून टाके उसवले.
काकींनी काटा मांडला,
पुन्हा मांडला.
वीस ग्रॅम कमी.
कुठे पडली ती गोळी, कुठल्या वेगाला,
मला सांगता येईना.

"खारीनं आपला वाटा घेतला," त्या म्हणाल्या
आणि वहीत
माझ्या नावावर वीस ग्रॅम लिहून ठेवले.