एकशे सतरा

मी मूळचा पाट्या रंगवणारा.
दिग्रसच्या बाजारात कृषी केंद्रं, सलून,
निवडणूक आली की भिंतीवर कोणाचंही चिन्ह.
पुरातत्त्वच्या ठेकेदारानं विचारलं, आकडे काढशील का?
म्हटलं, आकड्याला शुद्धलेखन लागत नाही.
आलो.

पूसच्या काठी टेंभुरदऱ्याचं देऊळ
त्यांनी आधीच उकलून ठेवलं होतं,
बंद पडलेलं इंजिन मिस्त्री पोत्यावर उकलतो तसं,
ओळीनं, कोणता नट कुठला ते लक्षात ठेवून.
बारा दिवस मी वाकून फिरलो त्या ओळींतून
पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन.
हत्तीच्या पाठीवर चोवीस.
कोण्या देवाच्या छातीवर साठ, चपला काढून.
नकाशात दगड दोनशे नऊ,
पटांगणात एकशे ऐंशी.

मग चांदेकर मॅडम निघाल्या रजिस्टर घेऊन घरोघर,
मागे मी.
चावडीची पायरी म्हणजे कीर्तिमुख, पालथं.
चक्कीपाशी पोट्टे बसतात तो शिखराचा तुकडा.
एकानं गोठ्यातल्या दगडाचे दोन हजार मागितले
आणि दुसऱ्या दिवशी लाजून
स्वतःच बैलगाडीत घालून आणला.

सुगंधाबाई आत्रामच्या मोरीत होता धुण्याचा दगड.
चौघांनी पहारीनं उभा केला
तर खालच्या अंगाला पाय.
नुसते पाय, पैंजणांसकट,
एक टाच उचललेली,
बोटांच्या फटींतून साबणाचं काळं पाणी निथळत.

"मले काय मायीत बाप्पा," बाई म्हणाली,
"एकतीस साल हिच्या पाठीवर धुणं आपटलं म्या."
आणि पदरानं ती बोटं पुसली.
एकेक.

मॅडमनं पावती दिली:
दगड, कोरीव, खंडित, नग एक, मोबदला निरंक.
"अन् धुवू कुठं आता?"
याला कोणत्याच नमुन्यात रकाना नव्हता.
(आठवड्यानं एक शहाबादी फरशी आली तिच्या दारात.
कोणी पाठवली, ते मॅडम सांगत नाहीत.)
देवाच्या छातीवर आकडा काढणारा मी,
त्या पायांवर हात धजेना.
मागून काढला. ११७.

चुन्यात बेलाचा गर, हिरडा, उडदाचं पाणी, गूळ.
गुळावर लेखापरीक्षणाची हरकत आली:
दगडाला गूळ कशासाठी, खुलासा करावा.
खुलासा तीन पानी गेला,
तोवर ढेपेला मुंगळे लागले.

रज्जाक मिस्त्रीनं एकशे सतरा उचलला
तेव्हा मागची बाजू उन्हात दिसली.
मोरीच्या अंधारात कळलं नव्हतं:
मधोमध परातीएवढा खोलगट,
इतका गुळगुळीत, की अख्ख्या देवळात
तशी दुसरी जागा नाही.
मिस्त्रीनं तळवा फिरवला.
म्हणाला, हे छन्नीचं काम नाही.
मॅडम अंदाजपत्रकात बघत राहिल्या बराच वेळ.
'पोकळी आढळल्यास चुन्यानं भरून घ्यावी.'
भरली.
पायांवर त्यांची नर्तकी बसली,
तिला डोकं अजून मिळालेलं नाही.

उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते, आले नाहीत.
निळ्या पाटीवर मी लिहिलं:
नासधूस करणाऱ्यास दंड, कैद, किंवा दोन्ही.
'जतन'मधला न शेवटी कोपऱ्यात दाटला,
तो तसाच आहे.

लोक बाहेरून पाय बघत होते, फोन उंचावून.
सुगंधाबाई आत गेली, एकटी,
भिंतीला तळहात लावत, चाचपत.
एका जागी थांबली.
"इथंच असन ना, मांगून?"
हो, म्हटलं, हातभर आत.

संध्याकाळी आकडे पुसायचे होते,
थिनर आणि चिंधीनं.
हत्तीचा पुसला, देवाचा पुसला, सगळे पुसले.
हिशेबात एक कमी.
ठेकेदार मोजत नाही,
आणि तिथवर माझी चिंधी पोचत नाही.