मागचा उजवा

सरकारी कागदावर माझं पद आहे व्रणोपचारक.
रऊफभाई म्हणतात, पट्टीवाल्या बाई.
इलायची काहीच म्हणत नाही,
कान तेवढे मागे पाडते.

नानावलीत, पत्र्याच्या तबेल्यात,
माघातली थंडी अजून जमिनीतून वर येते आहे.
चारही पायांवर, खुरांच्या जरा वर, खपल्या,
ओल्या, करड्या, केसांत गुंतलेल्या,
नदीकाठच्या चिखलात उभं राहून राहून धरलेल्या.
मलम आहे. कोमट पाणी आहे. कात्री आहे.
पाय मिळत नाहीत.

डॉक्टर वाघचौरे मागे येऊन गेले.
चार माणसं, एक दोरखंड, वरच्या ओठाला पिळा.
पट्टी बांधून झाली सात मिनिटांत.
आठव्या मिनिटाला तिनं ती दातांनी फाडली
आणि तेव्हापासून
पांढरा कोट दिसला तरी मुतते.
म्हणून मी घरच्या साडीत आले.

सोहेलने सांगितलं, हळू,
घोडीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात:
दोन वर्षांपूर्वी सिडकोतल्या एका वरातीत
कुणीतरी फटाक्यांची माळ टाकली तिच्या पायांत,
मागून, उजवीकडून.
नवरदेव पडला, लोक हसले, व्हिडिओ काढला.
पैसे पूर्ण दिले पण, असंही म्हणाला.

मी मानेपासून सुरू केलं.
हाताची मागची बाजू,
पोराचा ताप बघतो तशी.
मान. खांदा. थांब.
हात काढायचा तो ती दचकायच्या आधी.
ही वेळ घड्याळात नसते, कातडीत असते.
पाण्यावरून वारा जावा तशी एक शिरशिरी
खांद्यातून निघते,
ती गुडघ्याशी पोचेपर्यंत
आपण मागे सरलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी खांदा. तिसऱ्या दिवशी कोपर.
चौथ्या दिवशी आडगावला एक म्हैस अडली होती.
पाचव्या दिवशी पुन्हा खांदा.

मग लांब काठीला जुना हातमोजा बांधला,
त्यात चिंध्या भरल्या.
हा माझा तिसरा हात. लाथ बसली तरी दुखत नाही याला.
सोळा लाथा मोजल्या.
सतराव्या वेळी तिनं नुसता पाय आपटला,
माशी बसल्यावर आपटतात तसा.
मी लगेच काठी खाली ठेवली
आणि बेदाणे दिले,
पिंपळगावचे, काळे, देठांसकट.

रऊफभाई बाजेवर बसून बघतात.
पंचवटी कारंजावर टांगा उभा असायचा
तेव्हाचे लगामाचे घट्टे अजून बोटांवर.
"बाई, एवढं विचारून तर मी
बायकोलाही कधी हात लावला नाही."
आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज.
घोडीने कान तिकडे फिरवला. मीही.

अकराव्या दिवशी पुढचा डावा.
केस कापले, खपली भिजवली, ओढली नाही.
बाराव्या दिवशी शेजारी कुकरची शिट्टी झाली
आणि बादली पत्र्यावर, मी भिंतीला,
ती कोपऱ्यात, थरथरत, माझ्याइतकीच.
कुणी कुणावर ओरडलं नाही.
बऱ्याच वेळाने मी पुन्हा मानेपाशी.

आज विसावा दिवस.
पुढचे दोन सुकलेत, गुलाबी कातडी दिसते आहे.
मागचा डावा तिनं आपणहून सैल सोडला
आणि माझ्या तळहातात त्याचं वजन आलं,
सगळं नाही,
गणेशवाडीच्या बाजारात भाजीवाली
मापावर वरून घालते तेवढं.

रजिस्टरला रकाने आहेत:
जनावर, वय, आजार, औषध, मात्रा.
औषधाखाली मी झिंक ऑक्साइड लिहिते.
मात्रेपाशी पेन अडतं.
वीस सकाळी, असं कुठे लिहायचं?
"लावले" एवढंच लिहून सही करते.

निघताना सोहेल विचारतो, उद्या?
उद्या मान. मग खांदा. मग बघू.
मागचा उजवा अजून तिचाच आहे.