बद्द

दिवसभर उद्यमबागेत मी लोखंड वाजवतो.
पट्ट्यावरून पंपाची कवचं येतात, अजून कोमट,
खाचांत वाळू अडकलेली.
पावशेराच्या हातोडीनं एक टोला:
ठण् म्हणालं तर पुढं,
बद्द बोललं तर लाल पेटीत.
सतरा वर्षं. माझा कान डोळ्याच्या आधी बघतो.

रात्री ऑर्केस्ट्रात ड्रमर.
हळदी, वाढदिवस, खानापूरकडची एखादी जत्रा.
ढोल माझे, झांजा मात्र उसन्या,
शहापूरच्या यल्लाप्पाच्या.
परवा त्यानं त्या परत मागितल्या.

म्हणून शनिवारी ओव्हरटाइमचे साडेसहा हजार
कुंद्याच्या रिकाम्या डब्यातून काढले
आणि कॅम्पात शिवलिंगय्यांच्या माडीवर गेलो.
खाली सायकलींचं दुकान, वर वाद्यं,
जिन्यात ट्यूबच्या रबराचा वास.

"झांज बघायची नसती री," ते म्हणाले, "केळबेकु. ऐकाय पायजे."
आणि स्वतः उठून खिडकी लावून घेतली.

पहिली नवी, पितळेची, पिवळीधम्मक.
मारली,
पंगतीत वाढप्याच्या हातून ताटं सुटली.
दुसरी जाड. तिचा शब्द न् शब्द कळत होता,
हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखा;
असा एक जण गाण्यात लागतो खरा,
पण रात्रभर त्याच्या शेजारी कोण बसणार.
तिसरी तुर्कस्तानची.
काशाची, शेकडा वीस कथील, रंगावरनंच कळलं.
काठाला नुसती काठी टेकवली
तर श्वास सोडावा तशी उघडली,
आणि कितीतरी वेळ मिटेचना.
किंमत विचारली. दोन महिन्यांचा पगार.
तळहातानं धरून गप्प केली तिला.
तळहातात ती चालूच राहिली.

मग टेबलाखाली, रद्दीच्या गठ्ठ्यावर, ही.
सोळा इंची, हिरवट, घुमटावर कुणाच्या तरी बोटांचे जुने डाग.
"ती नको. बिरुक बिट्टैती, तडा गेलाय.
इनास मास्तरच्या बँडातली.
पोरगा किलोवर घालाय निघालता."

काठापासून आत दीड इंच तडा.
आणि तडा जिथं थांबतो तिथं
बारीक, गोल भोक.

हे भोक माझ्या ओळखीचं.
तडा पुढं पळू नये म्हणून त्याच्या नाकासमोर पाडतात;
रेघेला टोक असतं, गोलाला नसतं,
मग ती जाणार कुठं.
तीन मिलिमीटरचं. कडा आतून हातानं घासलेल्या.
कुणीतरी सावकाश बसून केलेलं,
हिला टाकायची नाही असं आधी ठरवून.

काठी उचलली. कान केव्हाच लाल पेटीकडं निघालेला.
मारली.
बद्द नव्हे. ठण् पण नव्हे.
जरा घोगरी, आणि लगेच बाजूला होणारी,
भरल्या घरात आपलं बोलून झालं की
दुसऱ्याला बोलू देणाऱ्या मावशीसारखी.
परत मारली.
शिवलिंगय्यांनी खिडकी उघडली.
"घेताय?" म्हणाले,
आणि किलोचा भाव काही सांगितला नाही.

अठराशे. उरलेल्यांत हाय-हॅटची जोडी,
वरची एका कंपनीची, खालची दुसऱ्याच.
पोत्यात बांधून, पाठीला लावून, अनगोळला आलो.
तिसऱ्या रेल्वे गेटात मोटरसायकल उडाली
तेव्हा पोत्यातून ती दोनदा काहीतरी बोलली.

सोमवारी पहिल्या पाळीला
अकराव्या कवचाला हातोडी लावली: बद्द.
हात थांबला.
काठावर बोट फिरवून तडा शोधला,
त्याच्या टोकाशी नख ठेवलं.
मागं पट्टा तुंबला, महांतेशनं शीळ घातली.

पंपातून पाणी जायचं असतं.
टाकलं लाल पेटीत.
फक्त, पडताना ऐकलं.