छपराची दुरुस्ती

हॉलिस टॅकेटला गाता येत नव्हतं.
चर्चमध्येसुद्धा तो नुसते ओठ हलवायचा.
पण दुसऱ्याच्या गळ्यातली नेमकी कुठली ओळ
पेट्रोल पंपावर थांबलेल्या ट्रकवाल्याला
घरी फोन करायला लावेल,
हे त्याला पहिल्या कडव्यातच कळायचं.
मग तो पेन काढायचा.

एकतीस वर्षं मी त्याच्या वह्या लिहिल्या.
नॅशव्हिल, सोळावा अव्हेन्यू, खाली दातांचा डॉक्टर,
वर आमच्या दोन खोल्या, एक टेपरेकॉर्डर
आणि एक बादली, कारण छप्पर गळायचं.
जुन्या टेपा नीट ऐकल्यात तर
व्हायोलिनच्या मागे कुणाची तरी दाढ कोरली जातेय.

पोरं यायची रात्रीच्या बसने,
गिटारची पेटी सुतळीने बांधलेली.
तो आधी त्यांना जेवू घालायचा,
मक्याची भाकरी, घेवडा, वर पीचचा पाय,
आणि मगच कागद पुढे सरकवायचा.
भरल्या पोटी माणूस बारीक अक्षरं वाचत नाही.
वाक्य त्याचं. हसले मात्र मीही होते.

ज्युनी मॅब्री स्टेजवरून पडली
तेव्हा तीन आठवडे तिच्या उशाशी बसला,
सूप भरवलं, बाटल्या मोरीत ओतल्या,
आणि तीन आठवड्यांच्या हॉटेलचं बिल
तिच्याच खात्यावर टाकायला सांगितलं.
असा होता. दोन्ही एकाच हाताने.

एका फेब्रुवारीत केंटकीहून एल्झी कॉम्ब्स आला.
लाकूड कापायच्या गिरणीतला, उजवी दोन बोटं नव्हती.
एकच गाणं गायला, विहिरीच्या दोराचं.
चाळीस डॉलर रोख. सर्व हक्क, कायमचे.
सही करून त्याने विचारलं,
"मला ते घरी म्हणता येईल ना?"
"घरी? खुशाल," हॉलिस म्हणाला.

पुढे ते अकरा जणांनी गायलं.
जपानहून चेक आला, त्यावरचं तिकीट मी अजून ठेवलंय.
एल्झी दुसऱ्याच वर्षी ओंडक्याखाली गेला.

मी काय केलं ते आता सांगते.
दर जानेवारीत एक चेक लिहिला
त्याच्या बायकोच्या, ओपलच्या नावे,
आणि वहीत नोंद केली: छपराची दुरुस्ती.
हॉलिस चष्मा न लावताच सही करायचा.
एकोणीस वर्षं. रक्कम वाढत गेली.
बादल्याही तीन झाल्या.
एकदा तर धार थेट त्याच्या टोपीत पडली.
त्याने टोपी झटकली, खुर्ची सरकवली,
टेप पुन्हा सुरुवातीपासून लावली.

कंपनी न्यूयॉर्कवाल्यांना विकून झाली होती,
चार हजार गाणी, कपाटांसकट,
तेव्हा इस्पितळात त्याने मला जवळ बोलावलं.
मला वाटलं, आता कुणाची तरी माफी मागेल.
नळ्यांमधून म्हणाला,
"आयडेल, ही माणसं वह्या तपासतात.
शिडी लावून वरही चढतील.
ते छप्पर एकदा खरंच करून घे."

छप्परवाला आला, दोन दिवस ठोकत होता.
दोनशे ऐंशी डॉलर झाले.
मी वही उघडली, तारीख घातली, आकडा लिहिला,
आणि नोंदीला नाव काय द्यावं
ते काही केल्या सुचेना.