पुढची फेरी

पहिल्या आठवड्यात मी समुद्र लावला.
पानभर, कडेपासून कडेपर्यंत,
पहाटेचा, किंचित जांभळा,
आणि त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत
हलकेच तरंगत वर येणारं बोटींचं वेळापत्रक.
उर्वेने चष्मा कपाळावर सरकवला,
ड्रॉवरमधून तो तडकलेला, सात वर्षांचा फोन काढला
आणि आम्ही दोघी वाट बघत बसलो.
तिची कॉफी पिऊन झाली.
समुद्र अर्धाच आला होता.

"धक्क्यावर उभ्या माणसाला
समुद्र समोरच दिसतो, कैरी," ती म्हणाली.
"त्याला एवढंच हवं असतं, बोट कधी."

रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं,
घरी जाऊन मला तिच्यावर डूख धरता आला असता.

आइवोची तऱ्हा वेगळी. तो बोलतच नाही.
लोकरीच्या मोज्यांत मागे येऊन उभा राहतो,
पडद्यावरची एकेक गोष्ट काढतो
आणि दर वेळी माझ्याकडे बघतो: दुखलं?
सावली काढली. नाही.
गोल कोपरे. थोडंसं.
ती तरंगणारी अक्षरं, ज्यांच्यावर माझे दोन रविवार गेले होते,
तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं.
बाहेर ताल्लिनच्या छपरांवरून कुणीतरी फावड्याने बर्फ ढकलत होतं.

एकदा उशिरापर्यंत थांबलो होतो
तर त्याने मला त्याचं पहिलं पान दाखवलं,
काकाच्या मधाच्या धंद्यासाठी केलेलं.
काळ्यावर पिवळी अक्षरं,
सतरा मधमाश्या, सतराही लुकलुकणाऱ्या,
आणि तळाला येऊन गेलेल्यांचा आकडा: बेचाळीस.
"त्यातले चाळीस मीच," तो म्हणाला.
एवढं जपून का ठेवलंय, मी विचारलं नाही.
रात्री ट्राममध्ये मात्र एकटीच हसत होते.

जानेवारीत उर्वेने मला विर्त्सूच्या धक्क्यावर पाठवलं.
"काही करू नकोस. नुसती बघ."
उणे चौदा. वारा असा
की डोळ्यांतलं पाणी कानाकडे वाहतं.
ट्रॅक्टरचं टायर घेऊन निघालेला एक माणूस,
शाळेची चार मुलं, एक कुत्रा,
आणि एक बाई, हातात जाड हातमोजे,
पिशवीत बहुतेक केक,
कारण ती पिशवी तिरकी होऊ देत नव्हती.
तिने आमचं पान उघडलं.
एक हात पिशवीत अडकलेला, हातमोजा निघेना,
म्हणून तिने नाकाने दाबलं.
नाकाने.
माझं ते नाजूक, नखाएवढं बटण!
एकदा चुकलं. पुन्हा चुकलं.
तिसऱ्यांदा भलत्याच बेटाची बोट निघाली.
ती वैतागली नाही, कुणाला काही बोलली नाही.
फोन खिशात टाकला
आणि टायरवाल्याला विचारलं.

"अजून वीस मिनिटं," तो म्हणाला.

एवढंच. एवढंच होतं ते सगळं,
आणि मी दोन महिने जांभळा रंग शोधत होते.

परतीच्या बसमध्ये वहीत नाक काढलं, मापासकट.

हात बसायला किती दिवस लागतात,
असं मी उर्वेला विचारलं होतं पूर्वी कधीतरी.
"हात लवकर बसतो," ती म्हणाली होती,
"बसला की त्याच्यावर नजर ठेव."
तेव्हा मला वाटलं, टाळतेय.

मार्चमध्ये नवं पान झालं.
पांढरं. वर एकच मोठा आकडा, १४:३५.
खाली बटण, नाकाला पुरून उरेल एवढं.
समुद्र नाही.
आइवो मागे येऊन उभा राहिला, बराच वेळ,
आणि काहीच न काढता गेला.
उर्वेने ड्रॉवर उघडला, तोच फोन,
कप उचलला, ओठांपर्यंत नेला,
आणि घोट घेण्याआधीच खाली ठेवला.

"किती मोजलेस?"
"चार सेकंद."
मी कोट घातलेला होता, मफलरसुद्धा.
"तीन कर," ती म्हणाली.

मी कोट परत खुंटीला टांगला.